कळशीच्या तोंडावरचं जुनेर

मेघनेवर धुकं उतरलं आणि आमची लाँच भर नदीत गप्प उभी राहिली. डिसेंबर २०१९. ढाक्याच्या सदरघाटावरून सकाळी निघालेले आम्ही साडेतीन-चार तासांत चांदपूरला पोचणार होतो. आता पुढचं काहीच दिसत नव्हतं. कुणी घाबरलंबिबरलं नाही. झालमुरीवाल्याने तेवढी दुसरी फेरी काढली. बुडीगंगेचं काळंशार, नाकाला झोंबणारं पाणी केव्हाच मागे पडलं होतं. इथलं पाणी दुधात राख कालवल्यासारखं. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, कुठे चाललीस? ‘मतलब’ (चांदपूरजवळच्या भागाचं नाव) म्हटल्यावर त्यांना माझी दया आली असावी. मतलबला काय आहे, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मतलबला आहे ते एक जुनेर. म्हणजे मी तरी त्याच्याचसाठी निघाले होते.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी पायऱ्यांची विहीर होती. आज्जी हंड्याच्या तोंडावर आपल्या विटलेल्या लुगड्याची घडी घातल्याशिवाय पाण्याचा थेंब आत पडू द्यायची नाही. का, तर नारू होईल. पायातून हात-हातभर दोऱ्यासारखा जंत निघालेली माणसं तिने पाहिली होती. नारूची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या ठिपक्याएवढ्या जीवाच्या पोटात असते. तो जीव कापडात अडकला की नारूची वाट बंद. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला आणि आज्जीचं फडकं आमच्या घरात चेष्टेचा विषय झालं. चेष्टा करणाऱ्यांत मीच पुढे.

पुढे सार्वजनिक आरोग्य शिकताना मेरीलँड विद्यापीठाच्या रीटा कोलवेल आणि मूळचे बांगलादेशी अन्वर हक यांचं काम वाचलं आणि खजील झाले. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू एकेकटे इतके बारीक की कुठल्याही कापडातून सहज निसटतील. पण तळ्या-नदीच्या पाण्यात ते बरेचदा सायक्लॉप्सच्याच भाऊबंदांना चिकटून बसलेले असतात. जंतू नाही गाळता आला तरी त्याचं वाहन गाळता येतं! जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या केल्या की छिद्रं सुमारे २० मायक्रॉनची होतात, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. नवी साडी तितकी चालत नाही. धुऊन धुऊन सूत पिंजलेलं हवं. १९९९ ते २००२ या काळात मतलबच्या ६५ गावांत हे करून पाहिलं, तर साडीने गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. खास आणलेली नायलॉनची जाळी साडीच्या मागेच राहिली.

चांदपूरला उतरायला दुपार झाली. पद्मा-मेघनेच्या संगमावर उभं राहून हिलसा मासळी खायची, हे ठरवून आले होते. वेळच उरला नाही. केळी घेतली आणि सीएनजीत बसले (इथे रिक्षाला सीएनजीच म्हणतात). त्यातही मतलब दोन आहेत, उत्तर आणि दक्षिण, हे मला ठाऊक नव्हतं. चालकाने तीन ठिकाणी विचारत, माझ्या बंगालीवर हसत, एकदाचं रुग्णालयाच्या दारात सोडलं.

ढाक्यात शिकणाऱ्या मैत्रिणीने परवानगी काढून ठेवली होती, म्हणून आत जाता आलं. हे आयसीडीडीआर,बी या संशोधन संस्थेचं रुग्णालय. १९६० च्या दशकात नदीतल्या बार्जवर पटकीचे रोगी ठेवून इथलं काम सुरू झालं. आत खाटांची रांग, प्रत्येकीवर प्लास्टिकची चादर, बरोबर मध्यभागी एक गोल भोक आणि खाली बादली. बादलीत किती जमलं ते मोजायचं, तेवढं अंगात परत घालायचं. पहिल्यांदा पाहताना अवघडायला होतं, पण पाचव्या मिनिटाला यापेक्षा सोयीची खाट सुचत नाही. याच संस्थेच्या ढाक्यातल्या जुन्या प्रयोगशाळेत १९६८ साली डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवून दिलं की मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचा रोगी वाचवता येतो. आपल्याकडे प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळणारं ओआरएसचं पाकीट त्याच वाटेने आलं.

सव्वातीनच्या सुमाराला एका आरोग्यसेविकेबरोबर बाड्यांमध्ये गेले. बाडी म्हणजे एका अंगणाभोवतीची भाऊबंदांची पाच-सहा घरं, मागे पोफळी आणि तळं. १९६६ पासून या भागातलं जन्म, मृत्यू, लग्न, कोण गाव सोडून गेलं, सगळं घरोघर जाऊन टिपलं जातं. दोन लाखांहून जास्त माणसं त्या नोंदींत आहेत. जगभरच्या विद्यापीठांना मतलबचं जे आकर्षण आहे ते या नोंदींमुळे. दारोदार ‘आपा, बसा’ चाललं होतं (आपा म्हणजे ताई). सुनेला दिवस गेलेत हे सासूआधी आपाला कळत असावं.

साडीचं विचारलं तशी अंगणातली खाला, म्हणजे मावशी, हसायला लागली. आतून जुनेर आणलं, चार घड्या केल्या, कोल्शीच्या तोंडावर पसरून गळ्याशी आवळून धरलं आणि कोल्शी तळ्यात तिरकी बुडवली. कोल्शी, म्हणजे आपली कळशीच. घडी घालायची, तळव्याने चापायची पद्धत थेट आज्जीची. गाळून झाल्यावर कापड उलटं करून खळबळायचं, उन्हात वाळत टाकायचं. पण हे मला दाखवण्यापुरतं होतं. रोज करता का, विचारल्यावर म्हणाली, सुती साडी आता आहे कुणाकडे? सगळ्यांच्या अंगात मॅक्सी! संशोधक पाच वर्षांनी पुन्हा गेले तेव्हाही बायकांपैकी ३१ टक्केच पाणी गाळत होत्या. मला हा आकडा कमी वाटत नाही. विचारणारं कुणी नसताना पाच वर्षं तीनातली एक बाई गाळते आहे.

शिवाय अंगणात हापसा होता. इथे चापकल म्हणतात. तळ्याच्या पाण्याने पोरं दगावतात म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने देशभर हे हापसे बसले आणि १९९३ मध्ये त्यांच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. मतलबमधले १३ हजारांहून जास्त हापसे तपासले, तर साठ टक्क्यांहून अधिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या सरकारी मर्यादेपलीकडे. ढाक्याच्या पूर्वेला आराइहजारमध्ये कोलंबिया विद्यापीठाचे लोक २००० पासून हेच मोजताहेत. एका घरचा हापसा विषारी आणि हाकेच्या अंतरावरचा चांगला, असं तिथे दिसलं. म्हणून तोटीला रंग दिले, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. साडी इथे कामाची नाही. विरघळलेलं विष कुठल्या घडीत अडकणार?

निघताना खालाने काचेचा पेला भरून पाणी पुढे केलं. माझी नजर आपोआप हापशाकडे गेली. तोटीवरचा रंग पार उडालेला, लाल होता की हिरवा ते कळेना. पेला हातात तसाच. तिच्या ते लगेच लक्षात आलं. बोट मशिदीकडे दाखवून म्हणाली, त्या खोल कलचं, म्हणजे खोलवर नेलेल्या हापशाचं, आहे. सून रोज दोन कोल्श्या आणते, जायला-यायला अर्धा तास.

मी प्यायले. पाणी कोमट होतं. तिने न विचारता दुसऱ्यांदा पेला भरला, आणि अर्ध्या तासाच्या त्या पाण्यातलं आणखी घ्यावं की नाही, ते मला सुचेना.