राणीच्या घरात एशर

"अगं, पण ती स्वतः झोपायची कुठे?"

नेदरलँड्समधल्या हेगच्या लांगे फोरहाउट राजवाड्यात आईने हळूच विचारलं. आम्ही गेलो होतो डच चित्रकार एशरची चित्रं बघायला. सगळ्यांच्या माना वर. झुंबरंच तशी आहेत तिथली, हान्स फान बेंटेमने घडवलेली: एका दालनात शार्क, दुसऱ्यात कवटी, कुठे कोळी. आई मात्र भिंतीवरच्या एका जुन्या फोटोपाशी थांबली होती. नेदरलँड्सच्या राणी एम्माच्या वेळचा राजवाडा.

एम्मा बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. गादीची वारस लेक विल्हेल्मिना तेव्हा १० वर्षांची, म्हणून १८९८ पर्यंत राज्यकारभार हिनेच सांभाळला. १७६४ साली बांधलेली ही वास्तू तिने १८९६ मध्ये विकत घेतली. १९०१ साली लेकीचं लग्न झालं आणि त्याच वर्षी ही इथे राहायला आली. हिवाळे इथेच काढायची. १९३४ मध्ये गेली तीही इथेच. पुढच्या राण्यांनी इथे कामकाज केलं, १९९१ मध्ये वाडा नगरपालिकेकडे गेला आणि २००२ पासून इथे एशरचं संग्रहालय आहे.

हे सगळं मी ट्राममध्ये आईला सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "लेकीचा संसार सुरू झाला आणि आईने घर बदललं."

आईचं परतीचं विमान रविवारी आहे. तिचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

इथल्या कुणाला एम्माची झोपायची खोली नेमकी कुठली ते माहीत आहे का? आईला सांगायचंय.