कमोडोर ६४ बोलत होता, पण त्याला ऐकू येत नव्हतं

कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर लॅपटॉपला जोडायचा आणि एकावर टाइप केलेलं दुसऱ्यावर दिसायला हवं, एवढंच ठरवलं होतं. त्यात चार संध्याकाळी गेल्या.

१९८२च्या या मशीनला तयार सीरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी, नाही. मागच्या युजर पोर्टवर (इतर उपकरणं जोडायच्या जागेवर) सिग्नल मिळतात, पण ते ० ते ५ व्होल्टचे. आरएस-२३२ या सीरियल जोडणीच्या मानकाला अधिक-उणे व्होल्टेज लागतं, म्हणून मध्ये व्होल्टेज बदलणाऱ्या मॅक्स२३२ चिपचं छोटं बोर्ड लावलं. कोणी हे करणार असाल तर एक जपा: त्याच पोर्टच्या १० आणि ११ नंबरच्या पिनांवर ९ व्होल्ट एसी असतो. वायर तिथे चुकून टेकली तर चिप जाऊ शकते. मी प्रत्येक जोड सोल्डर केल्यावर मल्टिमीटरने तपासला.

मग कमोडोरच्या बेसिक या भाषेत चार ओळींचं टर्मिनल, म्हणजे अक्षरं पाठवणारा आणि आलेली दाखवणारा प्रोग्रॅम, लिहिलं. डिव्हाइस नंबर २ (कमोडोरवर सीरियलचा नंबर), वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला ३०० बिट. कमोडोरवर टाइप केलेलं लॅपटॉपवर लगेच उमटलं. उलट दिशेने मात्र काहीच येईना. केबल बदलली, बोर्ड बदललं, काही फरक नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पिनांचा तक्ता पुन्हा सावकाश वाचला. येणारे बिट सी नावाच्या पिनवर वाचले जातात. ती वायर मी लावली होती. पण या कॉम्प्युटरमध्ये सीरियलसाठी वेगळी चिप नाही. अक्षर सुरू झाल्याचं सांगणारा स्टार्ट बिट आला की हातातलं काम थांबवून प्रोसेसरच वेळ मोजत एकेक बिट उचलतो, आणि तो आल्याची वर्दी त्याला शेजारच्या बी पिनवरून मिळते. माझी बी पिन मोकळीच होती! बी आणि सी एका इवल्याशा वायरने जोडल्या आणि अक्षरं यायला लागली.

आली ती उलटी: स्मॉलची कॅपिटल, कॅपिटलची स्मॉल. अक्षरांना नंबर देण्याची कमोडोरची पद्धत, पेटस्की, लॅपटॉपच्या आस्कीपेक्षा वेगळी आहे. आलेल्या अक्षराचा कोड ६५ ते ९० असेल तर १२८ मिळवायचे, ९७ ते १२२ असेल तर ३२ वजा करायचे. या बदलांचा तक्ता प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच व्हेरिएबलमध्ये भरला, तर चालवताना तो रिकामा! पोर्ट उघडताना बफरसाठी (येणारी-जाणारी अक्षरं तात्पुरती ठेवायच्या जागेसाठी) मेमरीतले ५१२ बाइट घेतले जातात आणि आधीची सगळी व्हेरिएबल पुसली जातात. पोर्ट उघडायची ओळ सर्वांत वर नेली.

एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणून ३०० बॉडला सेकंदाला ३० अक्षरं येतात. १००० अक्षरांची स्क्रीन भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. पहिली स्क्रीन मी शेवटच्या अक्षरापर्यंत बघत बसलो.