बहात्तर तास आणि एक नाव

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी वादळ आलं आणि अर्ध्या तासात रावेर तालुक्यातल्या आमच्या शिवारात कापणीला आलेली केळी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच माझ्या सेवा केंद्रासमोर रांग लागली होती. वाऱ्याने झालेलं नुकसान बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागतं. १४४४७ ला फोन करा नाहीतर ॲपवर भरा, पण अर्जाचा क्रमांक, गट नंबर, नुकसानीची तारीख आणि कारण, शेतातच काढलेले फोटो आणि नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी हे सगळं लागतंच. एक गोष्ट राहिली तरी अर्ज अडतो.

रांगेत एक जण होता, तो मागच्यांना पुढे जाऊ देत होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर समोर आला आणि खताच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. "दादा, माही तीन एकर पडली."

हा माणूस सातपुड्यापलीकडचा, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातला. अकरा वर्षं गावातल्या एकाच शेतकऱ्याकडे सालदार होता. सालदारी म्हणजे काय ते खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभराच्या मजुरीचं साल ठरतं, पुढच्या आखाजीला संपतं. मध्ये घरात लग्न-आजारपण आलं की उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत पुढचं साल तिथंच. रात्रपाळीची लाइट आली की पाणी बघायचं, केळीच्या बुडाची पिलं कापायची, फवारणी करायची, खत द्यायचं. शेवटच्या सालात त्याला एक लाख दहा हजार मिळाले होते. त्याने उचल घेतली नाही म्हणून तो सुटू शकला. हे लिहायला एक ओळ लागते, पण अकरा वर्षांत एकदाही उचल न घेणारा सालदार मी दुसरा पाहिलेला नाही.

सुटल्यावर त्याने दोन एकर खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, घेतली. पहिल्याच मृगबागेत, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीत, ३,३०० घड कापले गेले, सरासरी एकोणीस किलोचे. ६२७ क्विंटल माल, भाव क्विंटलला ११५० चा मिळाला, म्हणजे सात लाख वीस हजारांच्या वर. खंड, टिश्यूकल्चरची रोपं, खत, औषध, सगळं वजा जाता साडेचार लाखांच्या आसपास उरले. बाहेरून आलेला माणूस नुसत्या कष्टावर वर येतो का, असं मला कोणी विचारलं तर मी हे आकडे पुढे करतो. चार सालांची कमाई त्याने एका बागेत केली, आणि त्यात नशिबाचा भाग थोडा होता. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाची लागण दिसलेली झाडं तो त्याच दिवशी उपटून बागेबाहेर पुरायचा. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर रोग नेतो हे त्याला सालदारीतच कळलेलं होतं, आणि रोगट झाड उपटताना ज्याचा हात थरथरतो त्याची पुढची पन्नास झाडं जातात.

म्हणून यंदा तीन एकर. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ झाडं बसतात, म्हणजे सव्वापाच हजारांच्या आसपास. वादळानंतर त्याने आणि बायकोने टॉर्च घेऊन ओळीओळीने पडलेली झाडं मोजली होती. ३,०५०. वीस-बावीस किलोचा घड झाडाच्या एका अंगाला लोंबतो, मुळं वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली असतात आणि ठिबकने जमीन मऊ असते. न निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर न पडलेल्या, झाडाची पानं फाटतात आणि ते सावरतं. घड असलेलं झाड मात्र मधूनच मोडतं. बांधाला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ असती तर वाऱ्याचा जोर तुटला असता. ती का लावली नाही, मी विचारलं. "मालकाने लावू दिली नाही. एका बागेपुरती जमीन, बांध त्यांचा." कडेच्या दोन ओळींची झाडं त्याने पट्टीने एकमेकांना बांधली होती. तेवढंच त्याच्या हातात होतं, आणि त्या दोन ओळींतली बरीच झाडं उभी राहिली.

आता कागद. सातबारा मालकाचा. ई-पीक पाहणी मालकाच्या खात्यावर. विमा मालकाच्या नावावर, हप्ता मात्र यानेच रोख दिलेला, त्याची पावती नाही. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर. भरपाई आली तर ती मालकाच्या खात्यात. सरकारी पंचनाम्यात तेहेतीस टक्क्यांच्या वर नुकसान धरलं गेलं तरी मदत खातेदारालाच. पिशवीत त्याचं नाव असलेले कागद एकाच प्रकारचे निघाले, खताच्या पावत्या. अनुदानाचं खत आधारवर अंगठा लावून मिळतं, म्हणून प्रत्येक पावतीवर त्याचं नाव छापलेलं. एकवीस पावत्या त्याने जपून ठेवल्या होत्या.

खंडकऱ्याला स्वतःच्या नावाने विमा काढता येतो, पण भाडेकरार नोंदणीकृत हवा. तो कोणी करून देत नाही. मी मालकाला फोन करून बोलावलं. आबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी ओटीपी दिला आणि आमच्या हातून अर्ज चोवीस तासांच्या आतच गेला. करारावर मात्र ते अडले. "उद्या कूळ लागलं तर?" ही भीती आमच्याकडे तीन पिढ्यांची आहे. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणाऱ्याला मालक मानलं गेलं आणि भूमिहीन कुळांची पुढची पिढी बागायतदार झाली. आबांच्या आजोबांची चार एकर त्यात गेली होती. त्याच कायद्याच्या धाकाने आज बाहेरून आलेल्या माणसाचं नाव कागदावर येत नाही. कोणी फार झालं तर अकरा महिन्यांचं लिहून देतो, आणि टिश्यूची केळी लागवडीपासून कापून संपायला बारा-तेरा महिने घेते. पीक उभं असतानाच करार मेलेला असतो.

बाहेरचा माणूस कष्टावर वर येतो का, या प्रश्नाचा मला राग येतो, कारण आमच्याच भागातल्या कित्येक घरांचे पूर्वज गुजरातेतून आले असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा पडीक जमीन मोडायला माणूस हवा होता, आणि ज्याने मोडली त्याची झाली. आता मोडायला जमीन नाही. मेहनत माणसाला मजुरीतून खंडापर्यंत नेते, हे मी पाहिलंय. खंडापासून पुढे मेहनत नेत नाही, तिथे नाव लागतं. आणि नाव म्हटलं की तारखा येतात. अनुसूचित जमातीचा महाराष्ट्राचा दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा इथला रहिवास दाखवावा लागतो. मध्य प्रदेशचा दाखला त्याच्याकडे आहे, इथल्या राज्य योजनेला तो चालत नाही. रेशन आता दुसऱ्या राज्यात मिळतं, तेवढं एक बरं झालं. अधिवासाला पंधरा वर्षांचे पुरावे लागतात, त्याची तेरा झाली आहेत. मी त्याला त्या दिवशी यादी करून दिली. मुलीच्या शाळेचे दाखले वर्षवार काढून ठेव, इथल्या ग्रामीण रुग्णालयातली तिची जन्मनोंद काढ, बँकेचं पासबुक याच शाखेत चालू ठेव, आधारवरचा पत्ता बदल. विम्याचा हप्ता, खंड, काहीही द्यायचं तर खात्यातून दे, रोख नको.

दुपारी चार वाजता आबा आणि तो माझ्यासमोर बसले. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलं: भरपाई किंवा मदत आली तर हप्त्याची रक्कम आधी त्याची, उरलेल्यातले साठ टक्के त्याचे, चाळीस आबांचे. जोडपत्र म्हणून एकवीस पावत्यांच्या झेरॉक्स. साठ का, शंभर का नाहीत, असं मी आबांना विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. या लिखाणाला नोंदणीकृत कराराचं बळ नाही, हे मी दोघांनाही स्पष्ट सांगितलं. पडलेल्यातले तयार घड दोन दिवसांत उचलले तरच पैसे, नाहीतर उन्हाने काळे पडतात, म्हणून सही करून तो तसाच बागेत गेला. व्यापाऱ्याने त्या मालाला निम्माही भाव दिला नाही.

भरपाई अजून आलेली नाही. ऑक्टोबरच्या केळी लागवडीसाठी, म्हणजे कांदेबागेसाठी, त्याने एका निवृत्त शिक्षकाची दोन एकर घेतली. त्यांनी करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवून दिला, अठरा महिन्यांचा, खंड एकरी तीन हजारांनी जास्त. बांधाला गजराज लावायची परवानगी करारात लिहून घे, असं मी सांगितलं होतं. पाचव्या कलमात ती आहे.

सूची दोनची, म्हणजे नोंदवलेल्या कराराच्या उताऱ्याची, प्रत घेऊन तो केंद्रावर आला आणि लॅमिनेट करून मागितली. मी करून दिली नाही, पुढे कुठे शिक्का किंवा सही लागली तर त्यावर उमटत नाही. दोन झेरॉक्स काढल्या, एक विम्याच्या अर्जाला जोडली, आणि पहिल्यांदाच ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर आला.