नाँग खिआवचे ‘चार तास’

तिकीट देणाऱ्यानं चार तास सांगितले होते. लागले साडेसात. लाओसला निघालेल्यांनी पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

उत्तर लाओसमधलं लुआंग प्राबांग शहर ते डोंगरातलं नाँग खिआव गाव, अंतर जेमतेम 140 किलोमीटर. पूर्वी लोक नाम ओऊ नदीतून बोटीनं जायचे. नदीवर धरणं झाली आणि ती थेट बोट संपली. आता मिनीव्हॅन. सुरुवातीचा पाऊण तास बरा जातो, म्हणून फसायला होतं. मग खड्ड्यांच्या मध्ये कुठंकुठं डांबर, समोरून अवजड ट्रक आणि बंद काचेतूनही आत येणारी लाल धूळ. मी शेवटच्या सीटवर, मांडीवर कुणाचं तरी तांदळाचं पोतं. पाक मोंगच्या फाट्यावर टायर गेला तेव्हा खरं तर सगळ्यांना बरंच वाटलं, पाय तरी मोकळे झाले. पुढची सीट मिळत नसेल तर ती गाडी सोडा, दुसरी धरा. उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या. मणक्याचं दुखणं असेल तर जाऊच नका, डोंगर कितीही सुंदर असोत. (आहेत. फा डेंग डोंगराची चढण सिंहगड चढणाऱ्याला जड नाही. पुढे बोटीनं मुआंग ङोई गावाला जाऊन दोन दिवस राहिलो, छान गेले.)

परतीला गाडी लुआंग प्राबांग गावात न सोडता बाहेरच्या स्टँडवर सोडते. तिथं टुकटुकवाल्यानं माणशी 1 लाख किप (तिथलं चलन) घेतले. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अंतराला 30 हजार दिले. एका रुपयाला अडीचशेच्या आसपास किप, त्यामुळे थकलेल्या माणसाला शून्यं मोजता येत नाहीत आणि हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. भाव आधी ठरवा, आकडा मोबाइलवर लिहून दाखवा.

आता खाणं, ज्यासाठी मुळात गेलो. रात्रबाजारातलं ताट भरून घ्यायचं बुफे साफ टाळा. सगळं गार आणि एकाच चवीचं. त्यापेक्षा ‘ओ लाम’ शोधा. लुआंग प्राबांगचा हा दाटसर रस्सा. आमच्यात म्हशीचं मांस, वांगी आणि साखान नावाच्या वेलीचे लाकडी तुकडे होते. मी पहिला तुकडा चावून चावून गिळायला निघालो, तर वाढणाऱ्या मावशींनी हात आडवा धरला आणि स्वतः थुंकून दाखवलं. चघळायचं, टाकायचं. जीभ तिरफळानं होते तशी बधिर. कोकणातली माणसं बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ ताटाच्या कडेला ठेवतात, तसंच हे.

सोबत चिकट भात, खाओ निआव. रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवलेला. बोटांनी गोळा करून जेओमध्ये, म्हणजे चटणीत, बुडवायचा. हात कोरडा ठेवा, ओल्या हाताला तो सोडत नाही. जेवण झालं की भाताच्या टोपलीचं झाकण लावायचं. उघडं राहिलेलं अशुभ मानतात. मी विसरलो, मावशींनी न बोलता लावलं.

शाकाहारी मंडळींनी पपईच्या सॅलडपासून सावध राहावं. ‘मांस नको’ म्हटलं तरी पाडेक पडतोच, म्हणजे आंबवलेल्या माशांचं ते दाट पाणी. ‘बो साय पाडेक’ पाठ करा आणि कांडत असताना समोर उभे राहा. मला स्वतःला पाडेक आवडला. सुकटीच्या वासात वाढलेल्याला त्यात नवल नाही.

लुआंग प्राबांगहून राजधानी व्हिएन्तिआनला जायला डिसेंबर 2021 पासून रेल्वे आहे, दोन तासांचं काम. डोळे मिटून रेल्वेच घ्या, मी तर डब्यात बसल्यावर अक्षरशः हसत होतो. फक्त स्टेशन गावापासून बरंच लांब आहे आणि सामान तपासतात. चाकू आणि डासांचा स्प्रे दोन्ही काढून घेतले. ओडोमॉसची ट्यूब सोडली.