हे आपलं गाव नव्हं

आज जेवताना ताईचा धाकटा ‘काहीही!’ म्हणाला, ते अजून कानातून जात नाही. रागानं म्हणाला नाही, उद्धटपणे तर नाहीच. ही पोरं उठता-बसता म्हणतात तसंच. पण अण्णा त्याला किल्लारीच्या भूकंपाच्या त्या पहाटेचं सांगत होते, आणि अण्णा ते कधी सांगत नाहीत. चार माणसांत विषय निघाला तरी उठून बाहेर जाणारा माणूस आज आपणहून बोलत होता. मध्येच हा म्हणाला, ‘काहीही! एवढ्यात अख्खं गाव कसं पडेल?’ आणि फोन उचलून शोधलं. ‘सहा पॉइंट दोनच होता, आजोबा.’

ते ‘दोनच’ मला लागलं. घास तसाच राहिला हातात.

ताई म्हणाली, ‘अगं, लहान आहे तो.’ लहान कुठला, बारावीला आहे. ह्यांनी विषय बदलला. त्यांचं ते नेहमीचंच, त्यावर आज लिहीत नाही.

मला त्याला सांगायचं होतं की नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. जमिनीखाली फार खोल नव्हताच तो भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, दमून माणसं घरात झोपलेली. आणि घरं कसली, तर दगडाच्या हात-दोन हात रुंद भिंती, मातीत रचलेल्या, वर माळवद. पाऊस गळू नये म्हणून माळवदावर दरसाल माती टाकायची, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची माती डोक्यावर. उन्हाळ्यात त्या घरांसारखा गारवा कुठे नव्हता. तेच माळवद खाली आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. ह्यातलं काही मी बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि मग सगळ्यांचं जेवण राहिलं असतं.

खूप एकटं वाटलं आज. वाटलं, आमचं सगळं आता सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला एक प्रश्न होऊन बसलंय. साल, वेळ, रिश्टर, जिल्हा. उत्तर बरोबर आलं की पान उलटायचं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनीच ते धरून बसायचं, आणि वर पुरावाही त्यांनीच द्यायचा. आईबद्दल लिहावंसं वाटतंय. नको.

पण खरं म्हणजे मला छळतंय ते वेगळंच. अण्णांना राग आला नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी त्याच्या फोनवरचा आकडा नीट वाचला, मान हलवली आणि म्हणाले, ‘बरोबर हाय त्याचं. मला बी पटलं नव्हतं.’

आणि मग टेम्पोचं सांगितलं. हे मी आत्यांकडून अर्धंमुर्धं ऐकलं होतं, त्यांच्या तोंडून कधीच नाही. त्या रात्री ते उमरग्याला होते. सकाळी मिळेल त्या टेम्पोनं निघाले. किल्लारीशी पोचल्यावर ड्रायव्हरनं गाडी उभी केली, तर हे खाली उतरायलाच तयार नाहीत. ‘हे आपलं गाव नव्हं. तू वाट चुकलास.’ ड्रायव्हर म्हणतोय, हेच किल्लारी. हे म्हणतायत, मी इथं जन्मलोय, मला शिकवतोस का? भांडले म्हणे चांगले. समोर दगड-मातीचे ढीग, माणसं ओरडतायत, आणि हे टेम्पोत बसून वाटेवरून भांडतायत.

ऐकताना अंगावर काटा आला. हात-पाय गाळणं मला कळतं, हंबरडा कळतो. भांडण? पण आता लिहिताना वाटतंय, दुसरं काय करणार होता तो माणूस? खाली उतरला की ते खरं झालं असतं. भांडण चालू होतं तोवर गाव दुसरीकडे कुठेतरी शाबूत होतं, आणि तिथे आई होती.

वाईट बातमी ऐकल्यावर माणसं असंच काहीबाही करतात, हे मी किती वेळा बघितलंय. कुणी गेल्याचा फोन आला की पहिला प्रश्न, ‘तुला कुणी सांगितलं?’ जणू सांगणारा खोटा निघाला तर गेलेला परत येईल. नाहीतर ‘कालच तर बोलले माझ्याशी, आवाज चांगला होता की.’ आत्या त्या दिवशी म्हणे दिवसभर एकच वाक्य बोलत होत्या, ‘रात्री तिनंच वाढलं मला.’ रडल्या तिसऱ्या दिवशी. लोकांना वाटलं, दगड आहे बाई.

२०१४ च्या जुलैत माळीणचं झालं तेव्हा अण्णा टीव्हीसमोरून हलले नव्हते. एसटीचा ड्रायव्हर सकाळी गाडी घेऊन गेला तर गाव असायचं तिथे नुसता चिखल. मग बाहेर कळलं. दीडशेवर माणसं डोंगराखाली गेली. बातमीत सगळे डोंगराबद्दल, पावसाबद्दल बोलत होते. अण्णा एवढंच म्हणाले होते, ‘त्या ड्रायव्हरला आधी वाटलं असंल, आपणच वाट चुकलो.’ तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आज कळलं.

पटलं नव्हतं ते एकट्या अण्णांना नाही, हेही खरं. आधीच्या वर्षी, ९२ साली, किल्लारीच्या आसपास कितीदा तरी जमीन हलली होती, आवाज यायचे. माणसं बाहेर झोपायची, मग पुन्हा घरात जायची. किती दिवस बाहेर झोपणार? शाळेत तर शिकवलेलंच, दख्खनचं पठार म्हणजे भक्कम, जुना कातळ. कोयनेला १९६७ मध्ये एवढा मोठा भूकंप झाला, पण तो धरणामुळे म्हणून बाजूला ठेवलेला. भूकंपाच्या सरकारी नकाशावर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि आम्ही तिसऱ्यात गेलो. नकाशाला पटायला नऊ वर्षं लागली. मग सतरा वर्षांच्या मुलाला एका जेवणात पटावं, असा हट्ट मी का धरून बसलेय?

तरी दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. अण्णांनी डोळ्यांनी बघितलं म्हणून त्यांना पटेना. त्यानं काहीच बघितलेलं नाही म्हणून त्याला पटेना. ह्यात फरक आहे आणि तो मोठा आहे. पण त्यानं फोन उचलून शोधलं तरी. ऐकून सोडून दिलं असतं तर? मान डोलावून ‘हो का आजोबा’ म्हणाला असता आणि भात मागितला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि अण्णांनी टेम्पोचं सांगितलंच नसतं. हे मघापासून मला कळत होतं, लिहायला मात्र जड जात होतं. त्याच्या त्या एका शब्दावर अण्णा बोलले. मी इतकी वर्षं मान ठेवून, जपून गप्प बसले, तेव्हा नाही बोलले.

वाईट वाटतंय, पण मघासारखं नाही.

आत्ता फोन वाजला. पलीकडच्या खोलीतूनच त्याचा मेसेज. ‘मावशी, तो टेम्पोवाला मग काय करत होता? आजोबा उतरेपर्यंत थांबला का?’

मला माहीत नाही. कुणी विचारलंच नाही त्यांना. शेवटी ते उतरले कसे, त्यानं हाताला धरून उतरवलं का, पुढे ढिगारे उपसायला तोही होता का, काहीच माहीत नाही. ‘सकाळी तूच विचार,’ असं लिहिलं. मग आठवलं, अण्णा पाचला उठून फिरायला जातात आणि आल्यावर पेपरात डोकं घालतात, मग दिवसभर हाती लागत नाहीत. तेव्हा पुन्हा लिहिलं, त्यांच्याबरोबर फिरायला जा, मी उठवते.

जातो म्हणालाय.