थंड गिअरबॉक्सचा धक्का: 1,12,340 ते 1,13,480 किमीची नोंद

आधी आजार सांगतो. सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा) ऑटोमॅटिक. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना रेस क्षणभर मोकळी सुटते आणि मग पाठीत गुद्दा बसावा तसा धक्का. दहा-पंधरा मिनिटांनी तीच गाडी लोण्यासारखी चालते. दाखवायला न्यावी तर अगदी साळसूद!

1,12,340. पाना हातात घ्यायच्या आधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावला आणि अकरा दिवस रोज सकाळी गिअरबॉक्स ऑइलचं तापमान टिपलं. सुरुवात 14 ते 18 अंशांवर. धक्के बहुतेक 32 अंशांपर्यंत, 40 च्या पुढे एकही नाही. डॅशवरचा काटा मध्यावर येतो तेव्हा ऑइल जेमतेम 35 ला पोचलेलं असतं, म्हणजे ‘इंजिन तापलं तरी धक्का बसतो’ हे माझं सुरुवातीचं निदानच चुकीचं होतं. तो काटा इंजिनच्या पाण्याचा, गिअरबॉक्सचा नाही.

याच नोंदींतून एक तक्रार परस्पर निकालात निघाली. ‘एन’वरून (न्यूट्रल) ‘डी’त (ड्राइव्ह) टाकताना बसणारा दणका. थंड इंजिन 1,250 आरपीएमवर फिरतं, गरम झाल्यावर 700 वर. रेस 900 च्या खाली येईपर्यंत थांबलो की दणका नाही. थंडीत गिअर उशिरा पडणं आणि लॉक-अप (कन्व्हर्टरमधला थेट जोड) न लागणं हेही मुद्दाम केलेलं असतं. राहिला तो दोन-तीनचा धक्का.

तो का बसतो, हे कळायला मला वेळ लागला. क्लच प्लेटा आवळल्या जाण्याआधी क्लचच्या पिस्टनमागची पोकळी ऑइलने भरावी लागते आणि त्याला किती मिलिसेकंद लागतील याचा अंदाज कंट्रोलर, म्हणजे गिअरबॉक्सचा कंप्युटर, बांधतो. या जातीच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 100 अंशांना साधारण 6 सेंटिस्टोक, 40 अंशांना 30 च्या आसपास, आणि 15 अंशांना त्याहून कितीतरी जास्त. पोकळी भरायला उशीर झाला की जुना क्लच सुटलेला, नवा पकडलेला नाही, रेस सुटते. मग नवा एकदम पकडतो. त्यात ऑइल कमी असेल तर पंप हवाही ओढतो.

1,12,410. ऑइलची लेव्हल. मोजायची पट्टी (डिपस्टिक) नाही, इंजिन चालू ठेवून ओव्हरफ्लो प्लग (जास्तीचं ऑइल सोडणारं बूच) उघडायचा आणि धार थेंबांवर येते का बघायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भरपूर ऑइल वाहिलं, मी खूश. खरं तर दोन गाढवपणा केले होते. ऑइल 58 अंशांवर होतं, मॅन्युअल सांगतं 35 ते 45. आणि गाडी फक्त पुढून जॅकवर होती. हिशेब केला: आठ लिटर ऑइल 20 अंशांनी तापलं तर फुगून शंभरेक मिलीच वाढतं, तेव्हा मोठी फसवणूक उताराने केली, ऑइल मागे प्लगकडे गेलं होतं. चारही चाकं सारखी उचलून 38 अंशांवर पाहिलं तर एक थेंब नाही. 450 मिली घातल्यावर ओघळ आला. गळती गिअरबॉक्सच्या वायरिंग कनेक्टरच्या रबरी सीलभोवती सापडली, सील बदललं.

दुसऱ्या दिवशी रेस सुटणं बंद. धक्का निम्म्यावर.

1,12,600. ऑइल आणि फिल्टर. भरायचा प्लग आधी उघडला, ड्रेन नंतर (उलट केलं आणि वरचा प्लग अडकला तर गाडी जागीच बसते). काळपट 3.8 लिटर निघालं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये. गिअरबॉक्सच्या तळातल्या चुंबकांवर लोण्यासारखा राखाडी थर, पण धातूचे कण नाहीत. जीव भांड्यात पडला. एका बदलात निम्म्याहून कमीच नवं होतं, म्हणून 1,13,100 ला पुन्हा केलं. आता हिशेबाने 72 टक्के नवं.

मग अ‍ॅडाप्टेशन रीसेट, म्हणजे कंट्रोलरने शिकलेले जुने अंदाज पुसून टाकले. पहिले 50 किमी गाडी आधीपेक्षा वाईट चालली आणि मी स्वतःला शिव्या घातल्या. ऑइल गरम असताना हलक्या पायाने, एकसारखी रेस देत सगळे गिअर वर-खाली केल्यावर ती सावरली.

1,13,480. गेल्या नऊ सकाळींपैकी आठ शांत. नवव्या दिवशी ऑइल 12 अंशांवर होतं आणि एकच ओळखीचा धक्का बसला, सौम्य. सोलेनॉइडवर (ऑइलचा दाब सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) संशय आहे, पण तो ज्यात बसतो ती व्हॉल्व्ह बॉडी एवढ्यावरून उघडणार नाही. आता पुढच्या थंड सकाळी टर्बाइनचा (कन्व्हर्टरमधलं गिअरबॉक्सला फिरवणारं चाक) वेगही नोंदवतो, म्हणजे क्लच किती उशिरा पकडतो ते आकड्यात दिसेल.