अण्णांचा प्रश्न

मंगळवार, रात्र

अण्णांच्या ऑपरेशनचं आज नक्की झालं. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आणि खुब्यात उतरलाय. या आजाराला टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, खतपाणी मिळतं, ते तोडायचं. एकतर ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं घेत राहायची, नाहीतर ऑपरेशन करून दोन्ही वृषण काढायचे. इंजेक्शनचा खर्च ऐकून अण्णांनीच सांगितलं, "एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

पण परवा संध्याकाळी ओट्यावर बसले असताना खाली बघत म्हणाले, "मी गेल्यावर शेवटची आंघोळ भावकीच घालणार. बघतीलच की रे सगळे."

माझ्या पोटात तुटलं. तालमीत लंगोट लावून वाढलेला हा माणूस. आधीच्या डॉक्टरांनी तर "या वयात दिसण्याचं काय घेऊन बसलात" म्हणून विषय झटकला होता. त्याचा राग मला अजून आहे. आजारानं एवढं नेलंय, उरलंय त्यात माणसाला आपलं शरीर आपल्यासारखं हवं असेल तर तो हट्ट कसा?

आज दुसऱ्या सर्जननी रिकाम्या केसपेपरवर चित्रच काढून दाखवलं. वृषणाला बाहेरून पांढरं, चिवट आवरण असतं. ते चिरून टेस्टोस्टेरॉन बनवणारा आतला मऊ भाग तेवढा पूर्ण काढायचा आणि आवरण परत शिवायचं. फळाचा गर काढून साल ठेवावी तसं. आवरण राहतं, बाजूची एपिडिडिमिस, म्हणजे वृषणाला चिकटलेली वेटोळ्यांची नळी, तीही राहते. त्यामुळे आकार लहान होतो, पण पिशवी रिकामी लोंबत नाही, हाताला काहीतरी लागतं. याला सबकॅप्स्युलर ऑर्किडेक्टॉमी म्हणतात. चार्ल्स हगिन्स या सर्जननी 1941 मध्ये वृषण काढल्यानं हा कॅन्सर आटोक्यात येतो हे दाखवलं (1966 चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं), आणि ही पद्धत 1942 ची. म्हणजे अण्णांना पडलेला प्रश्न तेव्हाही कुणालातरी पडला होताच. मग रुग्णाला ती आपणहून सांगत का नाहीत?

मी खोदून विचारलं, आत काही राहिलं तर? ते म्हणाले, धोका तोच आहे, म्हणून आतली बाजू नीट साफ करावी लागते. नीट झालं तर टेस्टोस्टेरॉन पूर्ण वृषण काढल्याइतकंच आणि काही तासांतच उतरतं. नंतर रक्त तपासून टेस्टोस्टेरॉनचा आकडा डेसिलिटरमागे 50 नॅनोग्रॅमच्या खाली आहे ना, ते बघायचं. सिलिकॉनचे कृत्रिम वृषणही बसवता येतात, पण अंगात परकी वस्तू अण्णांना नकोच. अंगातून वाफा येणं, हाडं ठिसूळ होणं याचा धोका मात्र कुठल्याच पद्धतीत चुकत नाही. कॅल्शियम सुरू होईल.

घरी येऊन अण्णांना तो कागद दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "असंच करायला सांग."

उद्या दोन गोष्टी. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते विचारायचं. आणि संमतीच्या कागदावर सबकॅप्स्युलर हा शब्द लिहून घेतल्याशिवाय अण्णांची सही होऊ द्यायची नाही.